कौलाला बसवलेली माय

माझ्या वयाची माणसं आठवणी लिहायला बसली, की लोकांना त्यांच्याकडून निजामाच्या जुलमाच्या गोष्टी हव्या असतात. माझ्या सुनेनंही तेच सुचवलं, कारण वर्तमानपत्रात तसं छापून येतं म्हणे. तिला मी म्हटलं, बाई गं, आमच्या गावात सरकारचा माणूस आला तर सुगीला यायचा, देशमुखाकडं जेवायचा आणि ढेकर देत निघून जायचा. आमच्यावरचा जुलूम घरातलाच होता. तो रोज सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, पानाचा डबा घेऊन ओट्यावर बसायचा. तो म्हणजे माझे थोरले चुलते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो आणि सगळं गावही आबाच म्हणायचं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं मला लहानपणी शिकवलेलं आहे, पण ते शिकवलं होतं आबांनीच, त्यामुळं त्याचा माझ्यावर काही परिणाम होत नाही.

आमचं गाव बोरीपासून जवळच. जमीन काळी, कापूस आणि ज्वारी पिकायची, घरात माणसं आणि जनावरं दोन्ही भरपूर. आबांची बायको, म्हणजे काकू, चुलीपाशी बसून हुकूम सोडायची आणि चुलीवरचं काम माझी माय करायची. माझे वडील, दादा, हे आबांचे धाकटे भाऊ. दादांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. आबा म्हणाले पाऊस येणार, की दादा घोंगडी काढायचे. आबा म्हणाले येत नाही, की परत खुंटीला लावायचे. माणूस वाईट नव्हता. ज्याच्याबद्दल ‘वाईट नव्हता’ एवढंच म्हणता येतं, अशा माणसाचा मला अजून राग येतो. त्यांना लेकरू मी एकटीच, सुभद्रा, आणि मी ज्या दिवसांबद्दल लिहितेय तेव्हा माझ्या लग्नाचं बोलणं सुरू व्हायच्या बेतात होतं.

सकाळी मला जाग यायची ती मायच्या भाकरीच्या आवाजानं. आधी काठवटीत पीठ मळल्याची घसघस, मग थाप. मायची थाप गल्लीत ओळखू यायची. भाकर थाळीएवढी, कडेपर्यंत एकसारखी, तव्यावर पडली की टम्म फुगायची. तिच्याबरोबर कधी अंबाडीची भाजी, कधी येसराची आमटी, नाहीतर नुसता ठेचा आणि त्यावर करडईचं तेल. आजार पहिल्यांदा आला तो या आवाजात. थाप मंदावली. मधेच थांबायची, मग विचार करून पुन्हा सुरू झाल्यासारखी सुरू व्हायची. भाकरी लहान होत गेल्या, एका कडेला जाड राहू लागल्या. काकूनं लगेच निदान केलं, “आळस भरलाय अंगात.” काकूची निदानं अशीच झटपट असत. पुढं मायचा आवाज बारीक झाला. चालताना उजवा हात अंगाला चिकटलेला राहायला लागला. चेहऱ्यावरचं हसू गेलं. म्हणजे हसू आत होतं, मला ते कळायचं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हतं. पापण्याही फारशा लवत नसत. त्यावर काकूचं दुसरं निदान, “तोंड कसं करून बसलीय बगा, कुनी मारलंय का हिला?”

मग बोटं. माय रिकामी बसली की तिच्या उजव्या हाताचा अंगठा पहिल्या दोन बोटांवर फिरायला लागायचा, समईच्या वाती वळाव्यात तसा, आणि त्याच्यामागून सगळा पंजा हलायचा. तांब्या उचलायला हात पुढं केला की थरथर थांबायची. तांब्या ठेवून हात मांडीवर टेकला की पुन्हा सुरू. झोपेत काहीच नाही. माझ्या नातसुनेचा भाऊ मेंदूच्या आजारांचा डॉक्टर आहे, त्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आजी, तुम्ही अगदी पुस्तकातलं वर्णन सांगताय.” मी म्हटलं, पुस्तक तुझं असेल, हात माझ्या मायचा होता. पण कामाला लागलं की हात थांबतो, हेच तिच्या जिवावर उठलं. आबांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की ही कामचुकार बाई सोंग करायलीय. पुढं हा अर्थ त्यांनी सोयीनं बदलला, ते सांगतेच.

उपचार झाले नाहीत असं नाही. बोरीला एक वैद्यबुवा होते. त्यांना गाडी पाठवून आणावं लागायचं आणि आल्या आल्या शिरा लागायचा. नाडी धरून, डोळे मिटून, बराच वेळ बसून ते म्हणाले, “वात शिरलाय.” हे सांगायला वैद्य कशाला हवा होता, आमचा गडीसुद्धा तेच म्हणत होता. त्यांनी वासाचं तेल दिलं आणि वांगं, वाल, कढी बंद केली. परिणाम असा झाला की मायचा हात चकचकीत होऊन थरथरायला लागला. नंतर आबांच्या सांगण्यावरून कुणी तरी मनगटावर बिब्ब्याचा चटका दिला. त्याचा काळा डाग तिच्या हातावर शेवटपर्यंत राहिला. आता यातली मला सगळ्यात संताप आणणारी गोष्ट ऐका. आमच्या ओढ्याच्या कुंपणावर खाजकुहिली माजलेली असायची. तिच्या शेंगांची कुसं अंगाला लागली की माणूस खाजवून वेडा होतो. पोरं ती एकमेकांच्या सदऱ्यात टाकायची, तेवढाच तिचा उपयोग आम्हाला माहीत. हा डॉक्टर परवा सांगत होता की कंपवाताच्या, म्हणजे मायच्या या आजाराच्या, आजच्या गोळ्यांत जे मुख्य द्रव्य असतं, ते खाजकुहिलीच्या बियांतही असतं, आणि जुन्या वैद्यकात या बिया कंपवाताला सांगितलेल्या आहेत. मनानं खायच्या नसतात, असंही तो घाईघाईनं म्हणाला. म्हणजे औषध आमच्या कुंपणावर लोंबत होतं आणि त्याचं नाव बहुधा वैद्यबुवांच्याच पोथीत होतं. वैद्यबुवा त्या पोथीला दर गुरुवारी हळदकुंकू वाहायचे आणि तशीच पुन्हा फडक्यात बांधून ठेवायचे.

पोथी कुणी उघडली नाही आणि माय देवी झाली. ते असं झालं. नवरात्रात आराधी बायांचा मेळा गावोगाव गाणी म्हणत फिरतो. तसा आमच्या दारात आला. माय कोपऱ्यात हात मांडीवर ठेवून बसली होती. मेळ्यातल्या म्हाताऱ्या आराधिणीनं तिची बोटं पाहिली, तिचे न लवणारे डोळे पाहिले आणि गाणं सोडून हात जोडले. “आगं माय, ही तर माळ ओढायलीय. बिनमाळेचा जप चाललाय हिचा,” ती म्हणाली, “तुमच्या घरात भवानी येऊन बसलीय आन् तुमी हिला भांडी घासायला लावता व्हय?” आबा ओट्यावर होते. इतके दिवस जे सोंग होतं ते त्यांना त्या क्षणी जप दिसायला लागलं. काम करताना थरथर का थांबते, याचंही उत्तर मिळालं: देवी कष्टाची कामं कशाला करेल? अडाणी लोकांना मी दोष देत नाही, पण आबा अडाणी नव्हते. त्यांना उर्दू वाचता यायचं, मोडी यायची, गावात कुणाचं भांडण कुठं अडलंय ते बरोबर ठाऊक असायचं. त्यांना फक्त लोक आपल्या दारात बसलेले आवडायचे, आणि आता ते रोज बसणार होते.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मायला हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून पाटावर बसवायचे. उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवायचा आणि त्या तळव्यावर झेंडूचं एक फूल. देवळात मूर्तीला फूल लावून कौल घेतात, तसाच हा कौल. आलेला माणूस प्रश्न विचारायचा. फूल पदरात पडलं तर देवीची मर्जी, बाहेर जमिनीवर पडलं तर नाही. मायच्या पंज्याची ओढ आतल्या बाजूला होती, त्यामुळं फूल दरवेळी पदरातच पडायचं. हे आबांच्या लक्षात पहिल्याच शुक्रवारी आलं. मग ते माणसाला बाजूला घेऊन प्रश्न कसा घालायचा ते समजावून सांगायला लागले. अमक्याच्या पोरीला सासरी पाठवावं की नाही, हे आबांनी आधी ठरवायचं, तशी वाक्यरचना करायची, आणि देवी हो म्हणायची. जिंतूरपासून गाड्या यायच्या. माय या सगळ्यात एक अक्षर बोलायची नाही. काकूनं तिला घुमायला, हुंकारायला सांगून पाहिलं, पण माय ढिम्म. तेव्हा आबांनी जाहीर केलं की ही मुकी देवी आहे, आणि ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी तिचा शब्द फिरवता येणार नाही. लोकांना ते फारच पटलं. लोकांना काय पटत नाही?

माझी भावकी अजूनही त्या गावात आहे. आबांच्या नातवांनी आता तिथं देऊळ बांधलंय, नवरात्रात मंडप घालतात, झगमग दिवे लावतात आणि माझ्या मायच्या नावाची आरती लाउडस्पीकरवर म्हणतात. मला दरवर्षी निमंत्रण येतं. मी जात नाही. माय जिवंत असताना तिला त्या घरातल्या कुणी पाण्याचा तांब्या सरळ धरून दिला नव्हता.

देवी झाल्यावर मायचे हाल कमी झाले असं बाहेरून वाटायचं. शेणघाण सुटली, गोडधोड ताटात यायला लागलं. पण ताटातलं तिला तिच्या हातानं खाता येत नव्हतं. हात आता इतका मंद झाला होता की घास तोंडापर्यंत जायला फार वेळ लागायचा. ते काकूला बरं दिसेना, म्हणून दर्शनाला आलेल्या बायांनी देवीला घास भरवायचे असं ठरलं. बाया रांग लावायच्या. कुणी पुरणपोळी कोंबायची, कुणी सांजोरी, आधीचा घास गिळलाय का ते कुणी बघायचं नाही. मायच्या ओठाच्या कडेनं लाळ गळायची. ती काकू पदरानं पुसायची, आणि एकदा एका बाईनं तोच पदर डोळ्यांना लावला. रात्री अंथरुणावर माय मला त्या बारीक आवाजात म्हणाली, “सुभे, मी काय तान्हं पोर हाय का गं? मला माझ्या हातानं भाकर मोडून खायचीय. मला दुसरं कायबी नगंय.” माय देवाकडंसुद्धा फार मागणारी बाई नव्हती, आणि ही एवढीच गोष्ट तिला त्या घरात मिळत नव्हती.

पुढच्या पंचमीला पेडगावहून मामा आला. पंचमीला बहिणीला माहेरी न्यायला भाऊ येतो, ते आबांनाही अडवता येत नाही. त्यातून देवीला माहेराची ओढ असतेच, असं काकूच म्हणाली. मामानं मायला पाहिलं आणि तो ओट्यावर काहीच बोलला नाही. गाडी गावाबाहेर आल्यावर मात्र त्यानं आबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मला फार बरं वाटलं. पेडगावला रेल्वे होती. दोन दिवसांनी तो आम्हा दोघींना गाडीत बसवून परभणीला घेऊन गेला. स्टेशनापासून जवळच एक हैदराबादकडचे डॉक्टर बसायचे. कोट, चष्मा, टेबलावर टोपी. त्यांनी मायला हात मांडीवर ठेवायला लावला, मग या पेल्यातलं पाणी त्या पेल्यात ओतायला लावलं, व्हरांड्यात चालायला लावलं आणि वळायला सांगितलं. वळताना मायची पावलं अडकली तेव्हा त्यांनी मान हलवली. हात गरगर फिरवून मनगट कसं अडखळतं ते पाहिलं. इतकं सगळं त्या हाताकडं पूर्वी कुणी पाहिलंच नव्हतं.

पण हे डॉक्टरही काही देवमाणूस नव्हते. ते सगळं मामाशीच बोलत होते, जणू हात मामाचा होता. “ये बीमारी है, हमारे हकीमां राशा बोलते. जड़ से जाती नहीं, बढ़ती जाती. दवा से हात थोड़ा थमेगा, अकड़ भी कम होगी. मुँह सूखेगा, आँखां धुंदले होंगे.” मामा मान डोलवत होता. तेवढ्यात माय मधेच बोलली. “मला माझ्या हातानं जेवता येईल का, ते इचार.” मामानं विचारायच्या आधीच डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. “हौ अम्मा,” ते म्हणाले, “कुछ दिनां तक, हौ.” बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून त्यांनी ती दिली. बेलाडोना नावाच्या झाडाचा अर्क होता तो. त्या काळात या आजारावर तेवढंच काय ते होतं, असं माझा डॉक्टर नातलग सांगतो, आणि वर थोडं हसतो. त्याच्या आजच्या गोळ्यांवर पुढचे डॉक्टर हसतील तेव्हा मी नसेन, नाहीतर त्याला आठवण करून दिली असती.

थेंब पाण्यात घालून द्यायचं काम माझं. पहिले काही दिवस मायचं तोंड कोरडं ठक्क पडायचं, सुईत दोरा ओवता येईना, पोट जड व्हायचं. तिनं तक्रार केली नाही. लाळ गळायची थांबली, याचंच तिला मोठं सुख. हळूहळू पंजा शांत झाला. पूर्ण नाही, दमली की बोटं वळायचीच, पण हात हलका झाला. एके दिवशी मामाच्या पडवीत मामीनं सगळ्यांची ताटं वाढली आणि मायनं डाव्या हातानं भाकर दाबून धरली, उजव्या हातानं तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तोंडात घातला. मामीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माय म्हणाली, “रडती कशाला? मीठ कमी हाय यात. मीठ दे.” मी त्या दिवशी जितकी हसले तितकी नंतर स्वतःच्या लग्नातही हसले नाही.

पोळा झाल्यावर दादा न्यायला आले. नवरात्र तोंडावर आलं होतं आणि आबांनी निरोप दिला होता की देवी तिच्या जागेवर हवी. मामानं दादांना औषधाचं सगळं समजावून सांगितलं. दादा म्हणाले, “बरं हाय की मग.” नांदती बाई, नवरा न्यायला आल्यावर न जाऊन सांगते कुणाला. आम्ही बाटली पातळाच्या घडीत बांधून घेतली आणि निघालो.

पहिल्या शुक्रवारी पाट मांडला, मळवट भरला, तळव्यावर फूल ठेवलं. फूल जागचं हललं नाही. जिंतूरकडचा कुणी माणूस बैलाच्या व्यवहाराचं विचारत होता. त्यानं दोनदा विचारलं. आबांनी घंटा वाजवली, ऊद घातला. फूल तिथंच. माय पाटावर स्वस्थ बसून दाराबाहेरच्या कोंबड्या बघत होती. शेवटी आबांनी सांगितलं की देवी ध्यानात आहे, आणि माणूस नमस्कार करून गेला. त्यानंतर आबांनी घर धुंडाळायला लावलं. काकूला बाटली ज्वारीच्या कणगीत सापडली. आबा ती उजेडात धरून, पट्टीवरचं वाचून, वास घेऊन म्हणाले, “देवीच्या तोंडात दवा घातली कुनी?”

“मी,” मी म्हटलं. “डाक्टरनं दिलीय. माय आजारी हाय आबा. देवी बिवी काय न्हाई.”

आबांनी मला मारलं नाही. ते आवाजही चढवायचे नाहीत, एवढ्यावरच लोक त्यांना सज्जन म्हणायचे. त्यांनी बाटली ओट्याच्या दगडावर शांतपणे आपटली. अर्क दगडावर पसरला आणि कडवट वास सुटला. माय दाराआड उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. लग्न होऊन आल्यापासून ती थोरल्या दिरासमोर कधी बोलली नव्हती. आमच्यात तशी पद्धतच होती. बाईचा आवाज थोरल्या दिराच्या कानी पडू नये. तिचं औषध तिच्या डोळ्यांदेखत फोडलं गेलं, तरी ती पद्धत मोडली नाही. बोलायचं काम दादांचं होतं. सगळ्यांनी दादांकडं पाहिलं. दादा म्हणाले, “दसरा झाल्यावर दुसरी आनू की. आबा म्हनतेत तर…” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्यांनी आयुष्यात फार थोडी वाक्यं पुरी केली.

औषध एकदम बंद झालं आणि थरथर दुपटीनं परत आली. आता सगळा हात कोपरापासून हलायचा, हनुवटीही. घटस्थापनेला लोकांनी ते पाहिलं आणि जयजयकार केला. देवी रागावून गेली होती, ती परत आली, असं म्हणायला लागले. आबांचा चेहरा असा फुलला होता की मला वाटायचं त्या चेहऱ्यावर खाजकुहिली घासावी. मायला आता पाण्याचा पेलासुद्धा धरवेना. तिला भरवायला पुन्हा बायांची रांग लागली. मी रोज तिच्याशेजारी बसायचे आणि आलेल्या बायांना कोपरानं ढकलायचे, एवढंच माझ्या हातात होतं.

अष्टमीच्या दिवशी सकाळी बोरीहून एक जोडपं आलं. पोर दीड-दोन वर्षांचं, हगवणीनं पार सुकलेलं. डोळे खोल गेलेले, रडायचंही त्याच्यात त्राण नव्हतं. बाप परभणीला न्यायचं म्हणत होता, आणि पोराची आजी देवीच्या अंगाऱ्यावर ठेवायचं म्हणत होती, म्हणून कौल घ्यायला सगळेच आले होते. अंगण माणसांनी भरलेलं. या वेळी आबांनी बापाला नेहमीसारखं बाजूला घेतलं नाही. लेकरू त्यांच्या अंगणात बरं झालं तर पंचक्रोशीत नाव होणार होतं, तेव्हा प्रश्न त्यांनीच घातला. “आई भवानी, लेकरू तुझ्या अंगाऱ्यावर ठिवावं अशी तुझी मर्जी हाय ना?” आणि मायच्या थरथरत्या तळव्यावर फूल ठेवलं.

मी मायच्या अगदी जवळ होते. मला पोराचं तोंड दिसत होतं आणि मायलाही. फूल तळव्यावर नाचत नाचत पदराच्या बाजूला सरकायला लागलं. अजून एक झटका बसला असता तर आजीला तिचं उत्तर मिळालं असतं आणि त्या लेकराला माती. तेवढ्यात मायनं मूठ वळली. हात कामाला लागला की थांबायचा, हे मी वर सांगितलंच आहे; आताही, क्षणभर का होईना, तो थांबला. मुठीत फूल घेऊन तिनं हात उचलला, आणि फूल आबांच्या अंगावरून पार अंगणाच्या बाहेर भिरकावून दिलं.

मग माय बोलली. तिचा आवाज बारीक होता, पण शेवटच्या माणसापर्यंत गेला. “परभनीला न्या लेकराला. डाक्टरकडं. आत्ताच्या आत्ता.”

मी मायला आयुष्यात खोटं बोलताना पाहिलेलं नाही. काकूनं इतक्या विनवण्या केल्या तरी तिनं एकदा खोटं हुंकारूनसुद्धा दाखवलं नव्हतं. पाटावर बसवलं तर बसेन, पण देवी म्हणून तोंड उघडणार नाही, एवढं एक तिनं स्वतःपाशी राखलं होतं. ते तिनं त्या परक्या लेकरासाठी सोडलं. पण एकदा सोडल्यावर ती थोडक्यावर थांबली नाही. तिनं मान हळूहळू वळवली आणि न लवणारे डोळे आबांवर रोखले.

“तू गाडी जुंप,” ती आबांना म्हणाली. “तूच हाकायची. आन् मला बी घे गाडीत. मला परभनीला जायचंय.”

आबांनी तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकला, आणि तो त्यांना अरेतुरे करत होता. ते उभ्या उभ्या पांढरे पडले. “आई, अष्टमीला घटाची जागा सोडून…” असं काहीतरी ते पुटपुटले. त्यावर पोराची आजीच अंगावर धावून आली. “आबा, मुकी देवी बोलली! तुमीच म्हनलाव ना, बोलंल तवा शब्द फिरवता येनार न्हाई म्हनून? जुंपा की गाडी!” अंगणातून पन्नास तोंडं तेच ओरडायला लागली. आबांनी इतक्या कष्टानं जमवलेली ती माणसं, त्यांनीच आबांना गोठ्याकडं ढकललं. गड्याला हाक मारायला गेले तर लोकांनी तेही करू दिलं नाही. देवीनं ‘तूच’ म्हटलं होतं. आबा स्वतः बैलांच्या मानेवर जू ठेवत होते आणि त्यांच्या कपाळावरचं गंध घामानं नाकावर ओघळत होतं. इतकं देखणं दृश्य मी पुन्हा पाहिलं नाही.

पुढचं लवकर सांगून टाकते. लेकरू जगलं. त्याची आजी मरेपर्यंत सांगत होती की देवीनं वाचवलं. डॉक्टरांचं नाव तिला आठवतही नव्हतं. मायला नवी बाटली मिळाली आणि ती परभणीहून पेडगावला गेली ती परत आलीच नाही. आजार डॉक्टर म्हणाले होते तसा वाढत गेला, शेवटी थेंबांनीही काही होईना. पण मधली काही वर्षं ती मामाच्या पडवीत बसून आपल्या हातानं जेवली, आणि मीठ कमी असलं की बोलली. आबांनी गावात सांगितलं की देवी संतुष्ट होऊन मूळ ठाण्याला गेली, आणि लोकांना तेही पटलं.

पण मला लिहायचं होतं ते गाडी निघतानाचं. मायला चौघींनी उचलून गाडीत गवतावर बसवलं, शेजारी ते जोडपं लेकराला घेऊन, आणि मी मायला धरून. बाया चाकांना हळदकुंकू लावत होत्या. पुढं आबा कासरा धरून मान खाली घालून बसलेले. तेवढ्यात गर्दीतून दादा आले. त्यांच्या हातात नारळ होता, कुणी दिला होता की काय कोण जाणे. त्यांनी तो गाडीत ठेवला, टोपी काढली आणि गाडीच्या दांडीवरून वाकून स्वतःच्या बायकोच्या पायावर डोकं ठेवायला लागले.

मायनं पाय मागं घेतला. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा आवाज तिच्यात आता उरला नव्हता. जे बोलली ते मी आणि दादांनीच ऐकलं असेल.

“तुमी नका वाकू,” माय म्हणाली. “तुमी बसा.”

आबांनी बैल हाकले. दादांनी एकदा मागं वळून पाहिलं, ओट्याची पायरी रिकामी होती, आणि ते जाऊन तिथं बसले.